पुऱ्या घराचा अपुरा कागद

गेल्या वर्षी चातुर्मासात एक गृहस्थ माझ्याकडे आले. कापडाचे जुने व्यापारी, वय सत्तरीच्या पुढे. २००६ साली मी एका शाखेचा व्यवस्थापक असताना त्यांच्या सदनिकेचे कर्जप्रकरण माझ्या सहीने मंजूर झाले होते. कर्ज पंधरा वर्षांचे होते. त्यांनी ते तेरा वर्षांतच फेडले आणि एकही हप्ता थकू दिला नाही. आता धाकट्या मुलाला स्वतंत्र दुकान घालून द्यावे म्हणून त्यांनी ते घर विकायला काढले. गिऱ्हाईक मिळाले, इसारही झाला आणि मग खरेदीदाराच्या बँकेने कर्ज देण्यास नकार दिला. कारण एकच, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही.

"साहेब," ते म्हणाले, "घर आमचे. हप्ते आम्ही फेडले. घरपट्टी, पाणीपट्टी दर वर्षी भरतो. दोन मुलांची लग्ने त्या घरातून केली. गच्चीतून पाणी झिरपते, भिंतीला भेगा गेल्या, त्याचा खर्चही आम्हीच करतो. आणि आता म्हणतात, हे घर कागदावर अजून पुरेच झालेले नाही. मग एकोणीस वर्षे आम्ही राहिलो कशात?"

जरा थांबून, आवाज न चढवता, ते पुढे म्हणाले, "तेव्हा तुम्ही तरी तो कागद मागायला हवा होता."

या शेवटच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या कर्जाच्या फायलीत काय काय होते ते मला आजही सांगता येईल: वकिलाचा टायटल सर्च, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, नोंदणीकृत करारनामा, मूल्यांकनकाराचा अहवाल. कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार दिली गेली आणि शेवटचा टप्पा बिल्डरच्या ताबापत्रावर सुटला. भोगवटा प्रमाणपत्र 'यथावकाश सादर करावे' असा शेरा होता. तो अवकाश पुढे कधी आलाच नाही. त्या काळी हाच प्रघात होता, असे म्हणून मला सुटका करून घेता येईल. पण ज्याने घर घेतले त्याला प्रघात ठाऊक नव्हता. बँकेने पैसे दिले, नगरपालिकेने शिक्का दिला, म्हणजे सर्व तपासलेले असणार, एवढेच तो समजून चालला होता.

त्यांच्या प्रश्नातला माझा वाटा मी मान्य केला. मात्र त्यानंतर कित्येक दिवस दुसराच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. एखादी इमारत उभी राहताना शासन तिच्यावर किती वेळा सही करते, किती वेळा शुल्क घेते आणि त्या इमारतीत दोष निघाला तर त्या सहीची किंमत काय?

प्रथम सह्यांविषयी. महाराष्ट्रात बांधकामाला परवानगी मिळते ती मुख्यतः १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली. मुंबईत पहिल्या कागदाचे नावच गमतीचे आहे: 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत तुमचा प्रस्ताव नामंजूर आहे, असे तो कागद सांगतो. आणि बाजारात त्यालाच आयओडी म्हणून मंजुरी मानले जाते. त्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी. काम संपल्यावर वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला आणि मग पालिकेने पाहणी करून द्यावयाचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात. या मार्गावर छाननी शुल्क आहे, विकास शुल्क आहे, जादा चटईक्षेत्र हवे असेल तर अधिमूल्य आहे. मोठ्या शहरांच्या अंदाजपत्रकांत ही जमेची भरीव बाजू असते. जितके मजले अधिक, तितकी जमा अधिक. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक मजल्यात शासनाची दलाली आहे.

आता दुसरी बाजू, नावे रकाना. दोष निघाला तर कोणाला धरायचे?

१९६३ च्या मोफा कायद्याने ताब्यानंतर तीन वर्षांच्या आत निघालेले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ ने ती मुदत पाच वर्षे केली. रचनेतला दोष, कारागिरीचा, मालाच्या दर्जाचा किंवा सुविधांचा दोष ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. न केल्यास भरपाई. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे, यात शंका नाही. म्हाडा किंवा सिडको यांच्यासारख्या सार्वजनिक संस्था स्वतः घरे बांधून विकतात तेव्हा त्याही या कायद्याने 'प्रवर्तक' ठरतात. पण ज्या नियोजन प्राधिकरणाने नकाशा तपासला, जोते पाहिले, शेवटी शिक्का मारला, ते या दोष-दायित्वाच्या कलमात कोठेच नाही. उलट, सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल शासन आणि त्याचे अधिकारी यांच्यावर दावा लावता येणार नाही, असे संरक्षण या प्रकारच्या बहुतेक कायद्यांत असते. रेरातही कलम ९० मध्ये ते आहे. नकाशा मंजूर झाला म्हणजे स्ट्रक्चरल डिझाइनची किंवा मालाच्या दर्जाची हमी मिळाली असे नव्हे, हेही नियमावल्या वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतात.

मोफा कायद्यात तर एक वाक्य असे आहे की ते मी बँकेत असताना वाचले असते तर बरे झाले असते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये, असे त्यात आहेच. पण त्यासोबतच कंसात असेही आहे की, असा दाखला मिळेपर्यंत कोणीही ताबा घेऊ नये. म्हणजे किल्ली हाती घेऊन कलश ठेवणारा खरेदीदारही कायद्याच्या नजरेत चुकलेलाच!

शासनाचे दायित्व न्यायालयांनी कधी मानलेच नाही, असे मात्र नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. सरकारी प्राधिकरण घर बांधून देते तेव्हा ती ग्राहक संरक्षण कायद्याखालची 'सेवा' होय, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची होती. अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे ग्राहकाला छळ सोसावा लागला असेल तर त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून देऊन विषय संपवू नये, ती जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी. रक्कम अवघी दहा हजार रुपयांची होती, पण तत्त्व मोठे होते. मात्र तेथे प्राधिकरण हे स्वतः विक्रेता होते. जेथे ते फक्त परवाना देणारे असते, तेथे काय?

त्याचे उत्तर दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात सापडते. १३ जून १९९७ च्या त्या आगीत ५९ माणसे गेली. ते निवासस्थान नव्हते, पण प्रश्न तोच होता: ज्यांनी तपासणी करून परवाना दिला त्यांचा वाटा किती? दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये भरपाईची चक्क टक्केवारी लावली. चित्रपटगृहाच्या मालकांवर ५५ टक्के. वीज मंडळ, महानगरपालिका आणि परवाना देणारे पोलीस अधिकारी यांच्यावर प्रत्येकी १५ टक्के. भागीदारीच्या करारासारखी ती वाटणी वाचून मला त्या वेळी समाधान वाटले होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिका आणि परवाना प्राधिकारी यांना त्यातून वगळले. केवळ वैधानिक कर्तव्यात कसूर झाली म्हणून, दुष्ट हेतू किंवा थेट कारणसंबंध नसताना, अशा प्राधिकरणांवर भरपाईचा बोजा टाकता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. मालकांचे ८५ टक्के झाले, वीज मंडळाचे १५ तसेच राहिले. न्यायालयाची चिंता मी समजू शकतो. प्रत्येक परवान्यामागे दावे उभे राहिले तर कोणताही अधिकारी सही करणार नाही. पण ते दोन पंधरा टक्के खतावणीतून पुसले गेले, त्याचा परिणाम प्रत्येक घर घेणाऱ्यावर होतो, हेही खरे.

फौजदारी कायदा याबाबत अधिक कडक आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि ७४ माणसे मरण पावली. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेल्या त्या बेकायदा इमारतीच्या प्रकरणात बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही इमारत पडली, १६ जण गेले. गुन्हा नोंदला गेला तेव्हा त्यात बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार यांच्यासोबत नगरपालिकेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांचेही नाव होते. म्हणजे सहीची किंमत आकारली जाते, पण माणसे मेल्यावर. भेगा पडल्या, गच्ची गळली, प्लास्टरचे पोपडे अंगणात पडले, तोवर नाही.

आपल्या धर्मात हिंसेचा विचार याच्या अगदी उलट केलेला आहे. तेथे जीव गेला की नाही यापेक्षा प्रमाद होता की नाही याला महत्त्व आहे. बेफिकिरीने वागलेल्या माणसाच्या हातून दैवयोगाने कोणी मेले नाही, तरी तो दोषातून सुटत नाही. आणि यत्नपूर्वक चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव आला, तरी तो तसा दोषी ठरत नाही. इमारतींच्या बाबतीत राज्यव्यवस्था फक्त पंचनाम्यातल्या मृतांची संख्या मोजते. तपासणी न करता सही झाली, तो क्षण कोणी मोजत नाही.

२७ सप्टेंबर २०१३ ची माझगावची घटना तर वेगळीच. बाबू गेनू मंडईच्या आवारातील निवासी इमारत पडून ६१ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत मुंबई महानगरपालिकेचीच होती. राहणारे बहुतेक पालिकेचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय. येथे मालक, नियामक आणि तपासनीस एकच होते. इतरांना धोकादायक इमारतीची नोटीस देणाऱ्या संस्थेने स्वतःच्या घराकडे कसे पाहिले, याचा हा दाखला. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा होता की नाही, म्हाडाचा की पालिकेचा, हा वाद सुरू झाला होता. भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव या भागांतील आपल्या अनेक कुटुंबांना उपकरप्राप्त इमारत म्हणजे काय हे सांगायला नको. भाडे गोठल्यामुळे मालक दुरुस्ती करीत नाही, म्हणून १९६९ च्या कायद्याने शासनाने दुरुस्ती उपकर लावला आणि दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे घेतली. घराच्या दोषांची जबाबदारी शासनाने स्वतःहून पत्करल्याचे आपल्याकडील हे ठळक उदाहरण. उपकर घेणारा कोण हे ठरलेले होते. इमारत पडल्यावर जबाबदार कोण हे मात्र पन्नास वर्षांनंतरही शोधावे लागले.

कराचाच विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. महानगरपालिका कायद्यात अनधिकृत बांधकामावर दर वर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद होती, आणि अशी आकारणी झाली म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानू नये, हेही त्याच कलमात होते. पिंपरी-चिंचवडमधील लोकांनी हा शास्तीकर अनेक वर्षे अनुभवला. २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला तेव्हा कुठे सुटका झाली. एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावेत, पावतीही द्यावी आणि पावतीखाली लिहावे की 'ही विक्री नव्हे', तशातला हा प्रकार. आपल्या पेढीवर कोणी असे केले तर बाजारात त्याची काय पत राहील?

वरळीचे कॅम्पा कोला प्रकरण या सगळ्याचा कळस आहे. १९८० च्या दशकात बांधलेल्या त्या आवारात पाच मजल्यांची मंजुरी होती. एक इमारत वीस मजली झाली, दुसरी सतरा. पालिकेने १९८४ मध्येच काम थांबवण्याची नोटीस दिली होती. नोटीस एका दिवसाची, बांधकाम कित्येक वर्षांचे! मधल्या काळात ते मजले कोणाच्या डोळ्यांदेखत चढले? लोक राहायला आले, संसार झाले, एक पिढी वाढली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचे म्हणणे फेटाळले आणि २०१४ मध्ये घरांचे पाणी, वीज, गॅस तोडण्यापर्यंत वेळ आली. कायद्याच्या दृष्टीने निकाल चूक होता असे मला म्हणता येत नाही. बेकायदा मजला दयेपोटी कायदेशीर केला, तर उद्या प्रत्येक बिल्डर त्या दयेवर धंदा करील. पण त्या हिशेबात तोटा एका पक्षाच्या नावे शंभर टक्के लिहिला गेला, आणि तो पक्ष होता शेवटचा खरेदीदार.

हे दायित्व दुसरीकडे कसे वाटले जाते, याची उत्सुकता म्हणून मी न्यूझीलंडचे प्रकरण वाचले. आपल्याकडे ते फारसे कोणाला माहीत नाही. १९९१ मध्ये त्या देशाने बांधकामाचे काटेकोर नियम सैल करून 'परिणाम चांगला असला म्हणजे झाले' अशा पद्धतीचा कायदा केला. पुढे प्रक्रिया न केलेले लाकूड, भिंतींवर नव्या पद्धतीचे गिलावे आणि घाईची तपासणी यांमुळे हजारो घरांच्या भिंतींत पाणी मुरून सांगाडे कुजले. २००९ मधील एका अंदाजानुसार अशी सुमारे ४२ हजार घरे आणि खर्च सुमारे ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. मुख्य प्रश्न आपलाच होता: तपासून सही करणाऱ्या स्थानिक परिषदेची जबाबदारी किती? २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, राहण्यासाठी बांधलेल्या घराची तपासणी करताना परिषदेवर त्या घराच्या मालकाविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कुचराई झाली तर भरपाई द्यावी लागेल. २०११ च्या सरकारी योजनेत मान्य दुरुस्ती खर्चाचा चौथा हिस्सा केंद्र सरकार, चौथा हिस्सा परिषद आणि उरलेला निम्मा घरमालक, अशी वाटणी झाली.

ही वाटणी वाचून लगेच टाळ्या वाजवू नयेत. बिल्डर कंपन्या दिवाळे काढून मोकळ्या झाल्या होत्या, म्हणून शेवटी पैसा असलेली परिषदच सापडली. आणि परिषदेचा पैसा म्हणजे करदात्याचा पैसा. ज्याच्या घराला काहीच झाले नव्हते त्यानेही शेजाऱ्याच्या भिंतीचे पैसे भरले. आपल्याकडे कोणी पालिकेला कोट्यवधींची भरपाई द्यायला लावली, तर ती तुमच्या-माझ्या घरपट्टीतूनच जाईल, हे मी एक जुना हिशेबनीस म्हणून विसरू शकत नाही. म्हणूनच मला लखनौच्या निकालातला मार्ग अधिक योग्य वाटतो: संस्थेवर मोघम बोजा नको, ज्याने न पाहता सही केली त्याच्या नावावर नोंद हवी. बँकेत आम्ही हेच पाहिले आहे. कर्ज बुडाले की मंजुरीच्या टिपणावर कोणाची सही आहे ते आधी काढले जाते. कित्येकदा निवृत्तीच्या उंबरठ्यावरही अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. याच्या जोडीला विमा हवा. रेराच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या मालकीचा आणि बांधकामाचा विमा प्रवर्तकाने काढावा अशी योजना आहे, पण ती शासनाच्या अधिसूचनेवर सोपवलेली आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही फायलीत असा विम्याचा कागद मी पाहिला नाही.

शासनाला बोल लावताना आपल्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. आपल्या समाजात बांधकाम व्यावसायिक कमी नाहीत आणि इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने असणारे तर पुष्कळ. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत मापात कमी-जास्त करणे, भेसळ करणे आणि राज्याच्या नियमाविरुद्ध जाणे हे तीन आहेत. चटईक्षेत्र कमी देऊन विक्रीयोग्य क्षेत्राचा भाव लावणे हे पहिल्यात बसते, सिमेंटचे प्रमाण कमी करणे दुसऱ्यात आणि नकाशाबाहेर मजला चढवणे तिसऱ्यात. दुकानदारांसाठी एक वेगळी गोष्ट. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत पडून १७ जण गेले. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का पोहोचल्याचा आरोप त्यात झाला. शोरूम प्रशस्त दिसावे म्हणून मधला खांब 'थोडासा' छाटणारे, पोटमाळ्यासाठी तुळईला भोके पाडणारे आपल्या ओळखीत कोणीच नाहीत का? त्या दुकानाच्या डोक्यावर चार मजले झोपलेले असतात. आणि तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची असताना, सोसायटीच्या सभेत 'यंदा रंगकाम करू, ऑडिट पुढच्या वर्षी' हा ठराव मांडणारेही आपणच असतो.

आता थोडे उजेडाचे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिला. शास्त्रीनगर वसाहतीत राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. ती पाडण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. पण त्यासोबत देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवावी. पूर्णत्व अथवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज, पाणी, मलनिस्सारण यांची जोडणी द्यावी. अनधिकृत इमारतीत कोणत्याही धंद्याचा परवाना देऊ नये. प्रमाणपत्र चुकीने दिले गेले असेल तर संबंधित अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. आणि बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देताना हे प्रमाणपत्र पडताळल्यानंतरच कर्ज मंजूर करावे. शेवटचे वाक्य वाचताना मला २००६ ची ती फाईल आठवली. धंद्याच्या परवान्याविषयीचे वाक्य मात्र प्रत्येक व्यापारी कुटुंबाने पुन्हा वाचावे. भाड्याने घेतलेल्या गाळ्यालाही ते लागू पडते, आणि जागामालकाकडे ओसी मागणारे भाडेकरू मी अजून फार थोडे पाहिले आहेत.

जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी दुसरा निकाल आहे, ११ जानेवारी २०२२ चा, मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. तेथेही बिल्डरने ओसी आणलीच नाही. परिणामी रहिवाशांना मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. म्हणजे बिल्डरच्या चुकीचा दंड पालिका रहिवाशांकडून घेत होती. मुदत संपली म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ओसी न मिळवणे हा सतत चालू राहणारा दोष आहे, म्हणून जोपर्यंत ती मिळत नाही तोपर्यंत तक्रारीचा हक्क जिवंत राहतो.

हा निकाल मी आमच्या शेठजींना वाचून दाखवला. त्यांच्या सोसायटीत चोवीस सदनिका आहेत. बिल्डरची कंपनी नावाला शिल्लक आहे, भागीदार वेगळे झाले आहेत. दिवाळीनंतर आम्ही सभा घेतली. पहिल्या सभेला नऊ जण आले, दुसरीला एकोणीस. माहिती अधिकारात जोते तपासणीचा अहवाल आणि पाहणीच्या नोंदी मागितल्या. उत्तर आले की सदर नस्ती अभिलेख कक्षात आढळून येत नाही. अपील केले आहे. दरम्यान सोसायटीने स्वतःचा वास्तुविशारद नेमून मोजणी केली. मंजूर नकाशात नसलेल्या दोन बाल्कन्या बंद केलेल्या निघाल्या, त्यांतली एक शेठजींचीच. त्यांनी ती दुसऱ्या आठवड्यात स्वखर्चाने मोकळी करून घेतली. सूनबाईंना ते आवडले नाही.

ओसीचा प्रस्ताव दाखल झाला आहे, ग्राहक आयोगातील तक्रारीचा मसुदा वकिलांकडे आहे. खरेदीदाराने इसार परत घेतला. धाकट्याचे दुकान तूर्त भाड्याच्या गाळ्यात सुरू झाले. करार करण्यापूर्वी शेठजींनी जागामालकाकडे भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागितली. मालकाला शोधायला अकरा दिवस लागले, पण ती मिळाली.